पायाखालची फळी

भागामावशी दुकानात आल्या की आधी माझ्या गळ्याकडे बघायच्या. उन्हाळ्यात मी ओला पंचा गळ्यात टाकून बसतो. आदिलाबादचं ऊन ज्याला ठाऊक आहे तो मला नावं ठेवणार नाही. बसस्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पट्टे, पुल्या, बेअरिंग, ग्रीसचे डबे असला माल, आणि सगळा फळ्यांवर निपचित पडलेला. दुकानात फिरणारी वस्तू एकच, ती म्हणजे छताचा पंखा. तरी मावशी पायरीवरच थांबून म्हणायच्या, "बाबू, तो पंचा काढ आधी." पंचा बाजूला ठेवला की मगच त्या आत येत आणि हातातली पिशवी टेबलावर रिकामी करत.

पिशवीत काहीतरी मोडलेलं असायचंच. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं बेअरिंग, फाटका पट्टा, कधी दात गेलेलं चाक. ते माझ्यापुढे ठेवून त्या स्टुलावर बसत आणि विचारत, "हे कशानं गेलं, सांग." नवीन द्यायला सांगत नसत. आधी माझी परीक्षा. मी म्हणायचो, ग्रीस कमी पडलं. त्या मान हलवत. मी म्हणायचो, पट्टा जास्त ताणला होता. त्या पुन्हा मान हलवत. मग आपलं उत्तर सांगत, ते निम्म्या वेळा चुकीचं असे, पण त्यांच्या आवाजात शंकेला जागा नसे. माझं उत्तर बरोबर आलं तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा आणि त्या दिवशी चहाला नको म्हणायच्या. मला त्यांची थोडी भीती वाटायची हे खरं, आणि महिनाभर त्या फिरकल्या नाहीत तर दुकानात करमायचं नाही हेही खरं.

तामसीच्या अलीकडे एका लहानशा गावात त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा अबोल, भाजी पिकवणारा. गिरणी नावाला त्याची, चालवायच्या मावशी. तो गेल्यावर लोकांना फारसा फरक जाणवला नाही, कारण दाराशी उभं राहून हुकूम सोडणारा आवाज तोच होता. मुलगा कापसाच्या लॉरीवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. घरात खऱ्या अर्थाने दोघीच: मावशी आणि त्यांची सून सुनंदा. बायकांना बस फुकट झाली तसं मावशींचं आदिलाबादला येणं वाढलं. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्या ते असं पुढे धरत, जणू बस त्यांच्याच नावावर केली आहे.

गिरणीच्या दारात भिंतीला खुंट्यांची रांग होती. आत यायचं तर गळ्यातलं, खांद्यावरचं जे काही लोंबतं असेल ते खुंटीला लावायचं. गमछा, ओढणी, मफलर, शाल, काहीही. साडीवाल्या बाईने पदर कमरेला खोचायचा. मावशी स्वतः नऊवारी नेसत आणि त्यांचा पदर कमरेतून सुटलेला मी कधी पाहिला नाही. पाव्हण्यारावळ्यांना, देवाधर्माच्या माणसांना, कुणालाच सूट नव्हती.

एकदा निवडणुकीत एका पक्षाचा उमेदवार मतं मागायला गिरणीत आला. त्याच्या गळ्यात पक्षाचा कंडुवा, म्हणजे रंगीत उपरणं, मागच्या सगळ्यांच्या गळ्यात तसलाच कंडुवा. मावशींनी झाडून सगळ्यांचे कंडुवे खुंट्यांना लावायला लावले. ते आत हात जोडून उभे आहेत तोच दुसऱ्या पक्षाची मंडळी दारात आली. त्यांचेही गळे मोकळे झाले. मग दोन्ही पक्ष पिठाच्या धुरळ्यात एकमेकांकडे न बघता उभे राहिले आणि मावशी आपलं दळण आटोपून मगच त्यांच्याकडे वळल्या. निघताना सगळ्यांना घाई. दोन माणसं चुकीचा कंडुवा घालून अर्ध्या गावात फिरून आली आणि पुढे बरेच दिवस त्यांना आपल्याच लोकांना खुलासे द्यावे लागले. मावशींना या गोष्टीचं हसू येत नसे. त्या म्हणायच्या, हसायचं काय त्यात, आत आले आणि धड बाहेर गेले ना.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची बस चुकली होती आणि पुढच्या बसला वेळ होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या आणि त्यांची जाऊ भैंशाला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होत्या. जमिनीखालून एक लांबलचक दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक यंत्राला एकेक पट्टा वर आलेला असायचा. यंत्रं एका शेडमध्ये, त्यांना फिरवणारं इंजिन दुसऱ्या शेडमध्ये. जावेचा पदर पट्ट्यात गेला आणि पदरामागून हात गेला. बायका ओरडल्या, कुणीतरी इंजिनाकडे पळालं, तर इंजिनवाला चहा प्यायला फाटकाबाहेर गेलेला. त्याला शोधून आणेपर्यंत वेळ गेला. जाऊ वाचली, पण उजवा हात खांद्यापासून गेला. पुढे ती पुष्कळ जगली आणि तिच्या वाटणीच्या भाकरी शेवटपर्यंत मावशींनीच थापल्या.

रक्ताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या पट्ट्याबद्दल बोलल्या. "आमी सगळ्या ओरडून राह्यलो होतो," त्या म्हणाल्या, "अन् पट्टा आपला फिरूनच राह्यला. त्याले काई घेणंदेणं नोतं." मग म्हणाल्या, "जिचा हात आत, तिच्याच हाती बंद करणं पायजे. दुसऱ्याच्या हाती नाई." हे त्यांचं एकच तत्त्व होतं आणि त्यावर त्या आयुष्यभर अडून राहिल्या. त्यांच्या गिरणीत जात्याच्या बाजूला एक लाकडी दांडा होता. तो ढकलला की पट्टा चालत्या पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकायचा. इंजिन चालू, जातं बंद. दळणारीने तो दांडा सोडून चार पावलंही लांब जायचं नाही, असा नियम होता.

मग घरोघर विजेच्या लहान गिरण्या आल्या आणि मावशींच्या दारातल्या खुंट्या रिकाम्या दिसू लागल्या. गिरणी बंद पडली. इंजिन मात्र त्या दर आठवड्याला हँडल मारून थोडा वेळ चालू करत आणि शेजारी बसून ऐकत. सुनंदाला हे डिझेल जाळणं पसंत नव्हतं. ती ब्लाउज शिवायची, तिची पायमशीन पडवीत होती, आणि गावातल्या बायकांच्या संघमची, म्हणजे बचत गटाची, ती पुढारीण होती. सासू-सुनेत भांडण असं नव्हतं, पण दोघींचाही शेवटचा शब्द आपलाच असावा असा स्वभाव, त्यामुळे त्या घरात बोलणी लवकर संपत नसत.

या संघमला दरखास्ती देऊन देऊन एक यंत्र मंजूर झालं. फांद्यांचा चुरा करणारं, चिपर म्हणतात ते. कापूस संपला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात, लोक त्या उपटून बांधावर जाळतात. त्या जाळण्याऐवजी चुरा करून वीटभट्टीला द्यायचा किंवा खत करायचं, असा बायकांचा बेत. सुनंदाचा तर जीव त्यात अडकलेला. दर उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या मिरच्या तोडायला परगावी जावं लागतं ते थांबेल, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. पण यंत्र आलं ते बागेतल्या डहाळ्यांसाठी बनवलेलं. त्याचं पेट्रोलचं इंजिन लहान. पऱ्हाटीची साल चिवट, तागासारखी लांब निघते आणि दांड्याला गुंडाळते. चार पऱ्हाट्या घातल्या की इंजिन धापा टाकून बंद पडायचं. यंत्र टिनाखाली गेलं, त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

सासूचं इंजिन रिकामं आणि सुनेचं यंत्र रिकामं, हे दोन्ही एकाच अंगणात. तरी ही जोड सुचायला एक हंगाम गेला, कारण एकीला मागायचं नव्हतं आणि दुसरीला मागितल्याशिवाय द्यायचं नव्हतं. शेवटी सुनंदाने मागितलं. मावशींनी एक अट घातली: बंद करायचा दांडा पऱ्हाटी घालणारीच्या हाताशी हवा. सुनंदा हो म्हणाली. त्या वेळी तिने ती अट फारशी मनावर घेतली नसावी.

काम रशीदभाईकडे आलं. माझ्या दुकानापासून जवळच त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. हाताला चांगला, फक्त बोलताना दर वाक्यात एकदा देवाला साक्षी ठेवतो. त्याने लोखंडी चौकट बनवली, एका टोकाला मावशींचं इंजिन, दुसऱ्या टोकाला चिपर. आतलं सुऱ्यांचं चक्र इंजिनापेक्षा जोरात फिरायला हवं म्हणून इंजिनावर मोठी पुली, चिपरवर लहान. मधे मावशींच्या गिरणीतलाच रुंद पट्टा, शेजारी मोकळी पुली आणि दांडा. पट्टा चढवायचा मान मावशींचा. त्यांनी तो चढवला, गिरणीत चढवत तसा मधे एक पीळ देऊन.

इंजिन सुरू झालं. सुनंदाने पहिली पऱ्हाटी आत घातली. ती आत जाण्याऐवजी थरथरत परत बाहेर आली. दुसरीही आली. तिसरी तर सुनंदाच्या कपाळाला लागली. बायका आधी घाबरल्या आणि मग हसत सुटल्या. रशीदभाईने खाली वाकून पाहिलं आणि देवाला साक्षी ठेवून सांगितलं की चक्र उलटं फिरतंय, सुऱ्यांच्या पाठी पऱ्हाटीला लागतायत. पट्ट्याला पीळ दिला की चाक उलटं फिरतं. गिरणीचं जातं तसंच फिरायला हवं होतं, म्हणून इतकी वर्षं त्या पट्ट्याला पीळ होता. इथे पीळ नको होता. साधी गोष्ट, पण त्या अंगणातल्या कुणालाच सुचली नाही, कारण तो पट्टा बिनपिळाचा कुणी पाहिलाच नव्हता. मावशींनी चूक कबूल केली नाही. म्हणाल्या, यंत्रच उलट्या डोक्याचं आहे, आणि घरात जाऊन बसल्या.

पीळ काढला तर दुसरी अडचण. लहान पुलीवर पट्ट्याची पकडच बसेना. पऱ्हाटीची जुडी घातली की पट्टा घसरायचा, जळका वास सुटायचा. रशीदभाई म्हणाला, तीन व्ही-बेल्ट लावू, खाचेत बसतील, घसरायचं नाव नाही. सुनंदाला ते पटलं. पण व्ही-बेल्ट खाचेतून सरकवून मोकळ्या पुलीवर नेता येत नाही. म्हणजे दांडा गेला. यंत्र थांबवायचं तर पलीकडे जाऊन इंजिन बंद करायचं, आणि ते जड चाकाचं इंजिन बंद केल्यावरही आपल्या सवडीने थांबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमल्या तर इंजिनाचं हँडल जागेवर नव्हतं.

हँडलशिवाय ते इंजिन सुरू होत नाही. मावशींनी ते उशाखाली घेतलं होतं. दिवसा त्या कुठे जातील तिथे ते पिशवीत त्यांच्याबरोबर जायचं. माझ्या दुकानातही आलं. पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा जड वाजली, मी आत पाहिलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. रशीदभाई माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसायचा. म्हणायचा, अम्मा को समझाओ. समजावणार कोण? सुनंदा म्हणाली तेवढं त्यातल्या त्यात मुद्द्याचं होतं. भांडणाच्या सुरात नाही, थकून म्हणाली, असं रशीदभाईने मला सांगितलं.

"आत्याबाई, पऱ्हाटी दोन्ही हातानं द्यावं लागते. दांडा हाताशी ठेवला तरी तो ओढाले तिसरा हात कुठून आणू मी?"

गिरणीत दळणारीचा एक हात मोकळा असतो. इथे नव्हता. त्या सबंध दिवस त्या पडवीत भिंतीला टेकून बसून राहिल्या. समोर सुनंदा कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होती. मशीन चालायची, थांबायची, चालायची. मावशी सुनेच्या हाताकडे बघत होत्या की पायाकडे ते कुणाला माहीत नाही. पण बोलली ती सुनंदाच. पाय उचलून म्हणाली की हे बघा, पाय उचलला की शिलाई थांबते, हात दोन्ही कामातच आहेत. मावशी उठल्या, आत गेल्या आणि हँडल आणून मशीनच्या शेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आल्या आणि तीन व्ही-बेल्ट मागितले. बेल्ट कुठल्या मापाचे हे मी विचारलं तर म्हणाल्या, सुनेले विचार, तिचं यंत्र हाय.

रशीदभाईने मग जे बनवलं ते असं. बेल्ट मुद्दाम सैल ठेवले. नुसते सैल असताना इंजिनाची पुली फिरते, चिपर जागचा हलत नाही. बेल्टच्या वर एक लहान चाक, ते दाबलं की बेल्ट ताणला जातो आणि चिपर फिरू लागतो. ते चाक दाबायला खाली, पऱ्हाटी घालणारी उभी राहते तिथे, पायाची फळी. पाय ठेवला की चालू, पाय उचलला की स्प्रिंग चाकाला वर खेचते आणि बेल्ट सैल. मावशींनी पहिल्या दिवशी ज्वारीचं धांडं घेऊन परीक्षा घेतली. पाय उचलला आणि धांडं आत धरलं. आतलं चक्र आपल्या जोरावर फिरतच होतं, त्याने धांडं खाल्लं. मावशींनी उरलेला तुकडा रशीदभाईच्या हातात ठेवला. तो बिचारा पुन्हा कामाला लागला. बैलगाडीला लावतात तसा बाभळीचा ठोकळा, त्याला टायरचा तुकडा ठोकलेला, त्याच फळीला जोडला. आता पाय उचलला की बेल्ट सैल होई आणि त्याच वेळी ठोकळा पुलीला चिकटून चक्र जागच्या जागी धरी. मावशींनी पुन्हा धांडं घातलं. ते अख्खं बाहेर आलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हशीपुढे टाकलं.

त्या हंगामात यंत्र चाललं. लांबून आवाज यायचा, बांधाबांधावर चुऱ्याचे ढीग दिसायचे. सुनंदा मिरच्या तोडायला गेली नाही, आणि तिच्याबरोबरच्या बायकाही गेल्या नाहीत. मी दोनदा बेल्ट घेऊन गेलो. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

भर दुपार होती. मावशी यंत्राशी नव्हत्या, गुडघे धरले म्हणून घरी होत्या. सुनंदा आणि आणखी एक बाई पऱ्हाट्या घालत होत्या. काम झपाट्याने चाललेलं. सुनंदाचे दोन्ही पाय जमिनीवर होते. फळीवर एक मोठा दगड होता. मी दगडाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, स्प्रिंग लई कडक आहे, संध्याकाळपर्यंत मांडी भरून येते, रात्री पाय टेकवत नाही. ते खोटं नव्हतं. फळी दाबून मी पाहिली होती. माझ्यासारख्याला थोड्या वेळात घाम फुटला होता. तेवढ्यात बांधावरून मावशी येताना दिसल्या, हातात काठी, डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. सुनंदाने पायाने दगड ढकलायचा प्रयत्न केला, पण तो जड होता.

मावशी रागावल्या नाहीत. त्या आल्या, दगडाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. सुनेला आणि त्या बाईला हाताने मागे सारलं. डोक्यावरची चुंबळ काढली, उलगडली. जुनं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचं टोक त्यांनी पऱ्हाटीच्या काटकीला बांधलं आणि ती काटकी लांबूनच चिपरच्या तोंडात टाकली.

लुगडं गेलं. किती पटकन गेलं ते मला सांगता येत नाही, कारण मी नीट पाहायच्या आत जमिनीवर काही उरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूने चिंध्या बाहेर पडल्या. इंजिन होतं तसंच चालत होतं.

"आवाज बदलला का वं?" मावशींनी सुनंदाला विचारलं. "त्याले समजलंबी नाई."

सुनंदा रडायला लागली. मावशींनी तिची समजूत घातली नाही. सगळ्यांनी मिळून दगड ढकलला, यंत्र थांबलं, आणि उरलेली दुपार दांड्याला गुंडाळलेल्या चिंध्या सुरीने कापून काढण्यात गेली. मावशी तिथेच बसून होत्या. संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं की फळी खरंच इतकी जड आहे का. मी म्हणालो, आहे. त्यांनी स्वतः उठून पाय ठेवला, काही वेळ दाबून धरला, घामाघूम झाल्या. मग म्हणाल्या, "मी कडक सांगतली होती रशीदले. माहीच चूक हाय." त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाहीत.

रशीदभाईने फळी दुप्पट लांब केली, म्हणजे जोर कमी लागे. रुंदही इतकी केली की पाय बदलून उभं राहता येई. बायकांनी पाळ्या लावल्या. त्यानंतर फळीवर दगड दिसला नाही, असं सुनंदा म्हणते, आणि मावशी असेपर्यंत तरी ते अगदी शक्य नव्हतं. कारण जिथे यंत्र तिथे त्यांची खाट, असा नेम झाला होता. तोवर त्यांचे कान गेले होते. ज्या बाईने जन्मभर यंत्रं ऐकून ओळखली तिला आता शेजारचं इंजिन ऐकू येत नव्हतं. म्हणून त्या बघत. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे नाही, फळीवरच्या पायाकडे. कुणी पाणी आणून दिलं तरी नजर न काढता पीत. बायका त्यांची थट्टा करत, माय आमच्या पायाची पूजा करते म्हणत. त्यांना ते ऐकू जात नसे, आणि गेलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या हंगामात, ऊन तापायला लागलेलं होतं तेव्हा. बेअरिंग वाजतंय असं मला कळवलं होतं म्हणून मोटरसायकलवर गेलो. यंत्र कडुनिंबाजवळ लावलेलं, सावलीत खाट. मावशी फार वाळल्या होत्या. अंगावर गोधडी, हात गोधडीबाहेर. मी रामराम केला, त्यांनी पाहिलं नाही. सुनंदा पऱ्हाटी घालत होती, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, शेतात सगळ्याच घालतात तसा. मी पिशवीतून बेअरिंग काढत होतो.

एक फाटा असलेली पऱ्हाटी आत जाताना तिच्या बाहीत अडकली. सुनंदाचा हात तिच्याबरोबर पुढे गेला, मनगट, कोपर. ती मागे झटकली आणि तिचा पाय फळीवरून सुटला. ठोकळा पुलीवर आपटल्याचा आवाज झाला. चक्र थांबलं. इंजिन रिकामं चालत राहिलं. बायका आपापल्या जागी उभ्या. माझ्या हातातलं बेअरिंग खाली पडलं होतं, ते मला नंतर कळलं. सुनंदाने हळूहळू हात बाहेर काढला. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत फाटलेली, लोंबत होती.

मावशींना आवाज आला नव्हता. त्यांनी पाय सुटताना पाहिला होता. त्या कोपरावर उठून बसल्या होत्या, कशा बसल्या कुणास ठाऊक, कारण त्या वेळी त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागत होतं. त्यांनी सुनंदाला खुणेने बोलावलं.

"हात दाखव."

सुनंदा खाटेपाशी गेली. तिने हात पुढे केला. मावशींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, पालथा केला, उलथा केला, एकेक बोट वाकवून पाहिलं, कोपरापासून खांद्यापर्यंत चाचपला. कुठेच काही नव्हतं, एक ओरखडा सोडला तर. तरी त्या पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू झाल्या. सुनंदा उभी राहिली, घाई केली नाही. आम्हीही केली नाही. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर मावशींनी तो हात आपल्या गालाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि सोडला.

"जा," त्या म्हणाल्या. "पऱ्हाटी पडून हाय तिकडं."